चाकांवरचे घर आणि त्याची वीज

भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तो दिवा कोणाच्या बळावर लागला, असा प्रश्न शहरातल्या माणसाला सहसा पडत नाही. रायपूरची समता कॉलोनी घ्या. शेजारीच चौबे कॉलोनी, तिच्यात १९३५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू, आणि त्यामुळे या दोन्ही वस्त्यांत मराठी कुटुंबांचा राबता जुना. येथल्या स्वयंपाकघरात शीतकपाट चालते, माजघरात पंखा फिरतो, आणि या साऱ्यासाठी कोठेतरी कोळसा जळत असतो. परंतु तो जळतो दोनशे किलोमीटरांवर, कोरब्याच्या विद्युत्केंद्रांत. धूर तिकडे आणि दिवा इकडे. या दोघांमध्ये इतके अंतर आहे, म्हणूनच दिवा निर्धास्तपणे उशाशी ठेवता येतो.

आता समजा, याच वस्तीतले एखादे कुटुंब चाकांवरचे घर घेऊन प्रवासाला निघाले. अशा गाडीला कोणी मोटारहोम म्हणतात, कोणी कॅराव्हॅन. झोपण्याचे बाक, छोटी चूल, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सारे तिच्यात असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले, तेव्हापासून आपल्याकडेही या गाड्यांची ओळख वाढली आहे. समता कॉलोनीतून निघालेली ही गाडी धमतरी, कांकेर मागे टाकून केशकालचा घाट चढेल, सुमारे तीनशे किलोमीटरांवरचे जगदलपूर गाठेल आणि तेथून आणखी चाळीसेक किलोमीटर जाऊन इंद्रावतीच्या चित्रकोट धबधब्याजवळ रात्रीचा मुक्काम करील. घरातले सर्व काही बरोबर आले, परंतु भिंतीतली वीज मात्र मागे राहिली. ती भरून काढण्यासाठी बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जनित्राचा. हँडलला धरून उचलता येईल असे हे यंत्र होय. त्याला सारे जनरेटर म्हणतात. ते गाडीजवळ ठेवून दोरी ओढली की चित्रकोटला समता कॉलोनी अवतरते. फरक एवढाच की दिवा आणि धूर यांमधले दोनशे किलोमीटरांचे अंतर आता चार-पाच हातांवर आलेले असते.

फिरत्या घराला फिरती वीज पुरवण्याचा उद्योग मराठी मुलखाला नवा नाही. गावोगावच्या जत्रांतून तंबूतला सिनेमा हिंडत असे, त्याची वीज त्याच्याबरोबरच मालमोटारीतून येई. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि शेतीबरोबरच अशा फिरत्या व्यवसायांनाही देशी तेलइंजिन मिळू लागले. तमाशाच्या फडांबरोबरही जनित्राची गाडी असेच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ साली या फिरत्या चित्रपटगृहांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट काढला, तोपर्यंत हा व्यवसाय पुष्कळसा विझत आला होता. या मंडळींची एक रीत होती. इंजिन तंबूपासून पुष्कळ लांब लावायचे आणि तेथून तार ओढून आणायची. त्यामागे आरोग्याचा विचार होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इंजिन जवळ असले तर पडद्यावरचे संवाद कोणालाच ऐकू आले नसते, हे खरे कारण. त्या कर्कश आवाजानेच माणसांचे रक्षण केले.

आजची जनित्रे या बाबतीत फार सभ्य झाली आहेत. विशेषतः इन्व्हर्टर पद्धतीची जनित्रे इतकी हळू बोलतात की दहा पावलांवर दोन माणसे सुखाने गप्पा मारू शकतात. ही प्रगती उत्तमच, परंतु तिच्यामुळे एक जुना पहारेकरी निवृत्त झाला. जे यंत्र कानांना सोसवत नव्हते ते लोक आपण होऊन दूर ठेवीत. जे सोसवते ते गाडीच्या दाराशी येते, मग पायरीखाली जाते, आणि अखेर गाडीच्या पोटात शिरते.

केरळात कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला एक कॅराव्हॅन उभी होती. तिच्यात चालक आणि त्याचा सहकारी असे दोघे जण मृतावस्थेत सापडले. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही. पुढे कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी त्याच गाडीत जनित्र चालवून प्रत्यक्ष मोजमाप केले. गाडीतच बसवलेल्या जनित्राचा धूर तळातल्या छिद्रातून आत शिरत होता, आणि दोन तासांत आतल्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे नऊशेहून अधिक भाग जमले होते. धूर आणि बिछाना यांच्यामध्ये येथे एका फळीचेच अंतर होते, आणि त्या फळीलाही छिद्र होते.

या वायूचा स्वभाव समजून घेतल्याखेरीज पुढच्या कोणत्याही सावधगिरीला अर्थ राहत नाही. इंधन अपुऱ्या प्राणवायूत जळले की तो निपजतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना त्याची झोंब नाही. पेट्रोलच्या धुराला जो वास येतो तो इतर द्रव्यांचा, आणि ती द्रव्ये खिडकीच्या फटीतून येताना विरळ झाली तरी हा वायू त्यांच्याबरोबर येतच असतो. तेव्हा ‘धुराचा वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हे अनुमान चुकीचे आहे. वजनाने तो हवेहून किंचित हलका, जवळजवळ हवेइतकाच. म्हणून तो तळाशी बसत नाही, छताशी अडकून राहत नाही, सगळीकडे सारखा पसरतो. शरीरात गेल्यावर तो रक्तातील हिमोग्लोबिनला बिलगतो, आणि प्राणवायूच्या मानाने सुमारे दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्टपणे बिलगतो. प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाडीतली सारी आसने या आगंतुकाने अडवून ठेवावी, तसा हा प्रकार. फुप्फुसे चालू असतात, हृदय चालू असते, परंतु मेंदूपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही.

हवेच्या दहा लाख भागांत चारशे भाग असले तर एक-दोन तासांत डोके दुखू लागते. आठशे भाग असले तर पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, आणि सुमारे दोन तासांत शुद्ध हरपते. वडकऱ्याचा आकडा याच्याही पुढचा होता. अमेरिकेत, जेथे घरोघरी अशी जनित्रे आहेत, तेथे त्यांच्या धुराने दर वर्षी शंभराच्या आसपास माणसे दगावतात. तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाचे म्हणणे असे की एक लहान जनित्र शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड ओकू शकते. हे ऐकून प्रथम अतिशयोक्ती वाटते. परंतु आधुनिक मोटारीच्या धुरनळीत धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते, लहान जनित्रांत ती बहुधा नसते, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो.

हाच वायू छत्तीसगडच्या खेड्यांना दुसऱ्या वेषात ठाऊक आहे. थंडीत मातीच्या गोरशीत निखारे घालून शेकण्याची तेथे पद्धत आहे, आणि दारे-खिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तर हिंदुस्थानातून दर हिवाळ्यात येतात. खाणीतल्या लोकांचीही त्याच्याशी जुनी गाठ. जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात खाणींतील स्फोटांत दगावलेल्या कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतले बहुसंख्य भाजून वा चिरडून नव्हे, तर स्फोटामागून पसरलेल्या या वायूने मेल्याचे त्याला आढळले. लहान प्राण्यांवर वायूचा परिणाम माणसाच्या आधी होतो, म्हणून खाणीत उतरताना उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावा, ही सूचना त्याची. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ पर्यंत कामावर होते.

चाकांवरच्या घरात त्या पक्ष्याची जागा आता मुठीएवढ्या सूचक यंत्राने घेतली आहे. ते बिछान्याजवळ लावायचे, आणि हवेत हा वायू वाढला की ते कर्कश शिट्टी घालते. प्रमाण सत्तर भाग असेल तर ते तासाभराने किंवा काही तासांनी बोलते, चारशे असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. त्याचे आयुष्य मर्यादित असते, पाठीवर छापलेली मुदत संपली की ते बदलावे लागते. नुसत्या धुराची सूचना देणारे यंत्र निराळे. ते घेऊन येथे भागत नाही. गाडीवर लाखो रुपये खर्चणारा गृहस्थ एवढ्याशा वस्तूसाठी हात आखडता घेतो, हे अनाकलनीय आहे. तथापि हे यंत्र शेवटचा पहारेकरी आहे, पहिला नव्हे. ते लावले म्हणून जनित्र पायरीशी ठेवायला मोकळीक मिळत नाही.

पहिला पहारा अंतराचा. जनित्र गाडीपासून निदान वीस फूट, म्हणजे सहा मीटर दूर असावे आणि त्याच्या धुरनळीचे तोंड गाडीच्या विरुद्ध दिशेला असावे. वाऱ्याची दिशा पाहावी, आणि ती रात्रीत बदलू शकते हे विसरू नये. चित्रकोटसारख्या दरीकाठी संध्याकाळी एका बाजूने वाहणारा वारा पहाटे उलटलेला असू शकतो. शेजारी दुसऱ्याची गाडी किंवा तंबू असेल तर हाच हिशेब त्यांच्याही बाजूने करावा. आपला धूर त्यांच्या उशाशी पाठवून आपण सुरक्षित झालो, असे समजणे सभ्यपणाचे नव्हे. पाऊस आला की जनित्र गाडीच्या छपरीखाली ओढून घेण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो. पावसासाठी जनित्रावर चारी बाजूंनी उघडे असे निराळे छप्पर धरावे. ते जमत नसेल तर यंत्र बंद ठेवावे. खिडकी उघडी ठेवली किंवा पंखा लावला म्हणजे पुरे, ही समजूत तर सोडूनच द्यावी.

येथे एक अडचण विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोकेदुखी, मळमळ, थकवा, सुस्ती ही या विषबाधेची पहिली लक्षणे. केशकालच्या घाटातली वळणे चढून आलेल्या प्रवाशाला यांपैकी प्रत्येक लक्षण तसेही असतेच. म्हणून ते ‘गाडी लागली’ या सदरात जमा होते आणि माणूस आडवा होतो. गाडीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर ते उतरू लागले, तर घाटाला दोष न देता जनित्राकडे पाहावे. अशा वेळी आधी सगळ्यांनी बाहेर पडावे, मग यंत्र बंद करावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. डॉक्टरला ‘आम्ही चालू जनित्राजवळ होतो’ हे आवर्जून सांगावे. कारण बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र येथे फसते. प्राणवायूने लाल झालेले रक्त आणि या वायूने लाल झालेले रक्त यांत त्याला फरक कळत नाही, आणि ते निर्धास्तपणे चांगला आकडा दाखवते. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे दीड तास. रुग्णालयात लवकर पोहोचण्याचे महत्त्व यावरून दिसते.

मग रात्री जनित्र चालवावे किंवा नाही? याचे उत्तर स्पष्ट आहे. माणसे झोपली असताना चालवू नये. कोणी म्हणेल, मग ते घेतले कशाला? त्यासाठी थोडे गणित केले पाहिजे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी सुमारे बाराशे वॉट-तास वीज साठवते. जुन्या शिसे-आम्ल जातीची असेल तर तिच्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे सहाशे. तीस वॉटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तर दोनशे चाळीस. दिवे चाळीसेक. लहान शीतकपाटाने सरासरी पंचवीस वॉटने बारा तास घेतले तर तीनशे. बेरीज पाचशे ऐंशी. म्हणजे जनित्र दिवसा, माणसे बाहेर हिंडत असताना आणि त्यांतला एक जण लक्ष ठेवून असताना चालवून बॅटरी भरली, तर रात्र निःशब्द आणि निर्धूर काढता येते. छपरावर सूर्यपट बसवलेला असेल तर हे आणखी सोपे. रायपूर-बस्तरच्या उन्हाची एरवी कोणी स्तुती करीत नाही, पण ते येथे कामी येते.

या गणितात न बसणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे हवा थंड करणारे यंत्र. रायपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांना शिवतो, आणि तेथे वाढलेल्या माणसाला त्या यंत्राविना झोप येत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु एक टनाच्या यंत्राने सरासरी नऊशे वॉट घेतले तरी आठ तासांत सात हजारांवर वॉट-तास होतात. एका बॅटरीच्या तुलनेत हा आकडा किती मोठा आहे, ते सांगायला नको. वडकऱ्यासारख्या घटना घडतात त्या याच ओढीने. ज्या रात्री थंड हवा हवीच, त्या रात्रीचा मुक्काम तारेची वीज मिळेल अशा ठिकाणी, एखाद्या पर्यटक निवासाच्या आवारात, आधी विचारून ठरवावा. नाहीतर हवापालट हिवाळ्यात करावा. बस्तर त्या दिवसांत सुंदर असतेच.

जनित्राची शक्ती ठरवतानाही असाच हिशेब लागतो. त्याच्या अंगावर २ केव्हीए असे लिहिलेले असते, आणि घेणारा ते दोन हजार वॉट समजतो. पुष्कळ यंत्रांत प्रत्यक्ष उपयोगी पडणारी शक्ती त्याच्या चार-पंचमांश, म्हणजे सोळाशे वॉट असते. हवा थंड करणारे किंवा पाणी खेचणारे यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तिप्पट वीज मागते, तीही धरावी लागते. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. दर तीनशे मीटरांना साडेतीन टक्के शक्ती कमी होते असा ठोकताळा आहे. मैनपाटसारख्या हजार मीटरांहून उंच जागी दहावा हिस्सा असाच जातो, आणि उन्हाळ्याची धग त्यात भर घालते. इंधन-हवेचे प्रमाण बिघडले की कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. ओझ्याखाली धापा टाकणारे जनित्र अशा रीतीने दुहेरी धोका निर्माण करते.

विजेच्या तारेविषयीही काही सांगितले पाहिजे. जनित्र वीस फूट दूर ठेवायचे तर तार दहा-पंधरा मीटरांची लागते, आणि ती तीनपदरी, बाहेरच्या वापराची, रबरी आवरणाची, निदान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची असावी. तारेचे रीळ असेल तर ते पूर्ण उलगडावे. गुंडाळलेली तार स्वतःच्याच उष्णतेत शिजते आणि आवरण वितळून पेट घेते. सांधे जमिनीवर, दवात किंवा गवतात पडू देऊ नयेत.

विजेचा धक्का हा विषय जरा गुंतागुंतीचा आहे. समता कॉलोनीतल्या घरात तटस्थ तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. वीज भलत्या वाटेने गळू लागली की गळतीरोधक स्विच तीस मिलिअँपिअरवरच प्रवाह तोडतो. सुट्या जनित्रात मात्र दोन्ही तारा पुष्कळदा कशालाच जोडलेल्या नसतात. गाडी रबरी चाकांवर, म्हणजे जमिनीपासून अलग. अशा रचनेत एका तारेचे आवरण फाटून ती गाडीच्या पत्र्याला लागली तरी काहीच घडत नाही. धक्का बसत नाही आणि स्विचही पडत नाही. दोष मुकाट राहतो. काही महिन्यांनी दुसऱ्या तारेचा दुसरा दोष उद्भवतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये ज्याचा हात सापडेल त्याला पूर्ण दोनशे तीस व्होल्टचा तडाखा बसतो. यासाठी जनित्राची तटस्थ तार त्याच्या सांगाड्याशी जोडावी की नाही, जोडायची तर नेमकी कोणत्या एका ठिकाणी, आणि गाडीचा पत्रा त्या सांगाड्याशी कसा बांधावा, हे जनित्राची माहितीपुस्तिका पाहून परवानाधारक वीजतंत्रज्ञानेच ठरवावे. गृहस्थाने स्वतः करायचे ते एवढेच की गळतीरोधक स्विचवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहायचे.

पेट्रोलचे भय सर्वांना असते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. इंजिन थांबवून, निवू देऊन मगच टाकी भरावी. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड, ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते. डबा धातूचा, घट्ट झाकणाचा असावा आणि माणसे झोपतात त्या भागात नसावा.

प्रवास संपून गाडी पुन्हा समता कॉलोनीत येते. घरची वीज गेलेली असते. छत्तीसगडात हे वारंवार घडत नाही, पण पावसाळी वादळात घडते. अंगणात जनित्र तयारच असते, आणि कोणीतरी कल्पक मंडळी दोन्ही टोकांना पिना लावलेली तार घेऊन ते घरातल्या भिंतीच्या सॉकेटला जोडतात. सगळे घर उजळते. त्याच वेळी ती वीज मीटरमधून उलट बाहेर पडते, कोपऱ्यावरच्या रोहित्रात शिरते, आणि जे रोहित्र अकरा हजार व्होल्टचे दोनशे तीस करते तेच आता दोनशे तीसचे हजारो व्होल्ट करून बंद समजल्या गेलेल्या तारेत सोडते. त्या तारेवर भर पावसात वीजमंडळाचा माणूस चढलेला असतो. घराला जनित्र जोडायचेच असेल तर मुख्य फळीवर बदल-स्विच बसवून घ्यावा. तो एका वेळी एकीकडचीच वीज आत येऊ देतो, आणि घर जनित्रावर असताना रस्त्यावरच्या तारेशी असलेला संबंध तोडून ठेवतो.